आत्या का पडत नाही

घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी टिकत नसे, त्यावरून आत्यानेच ठेवलेलं नाव. पुढे ती दिवसदिवस संगणकासमोर बसायच्या नोकरीला लागली तेव्हा तिचा थोरला भाऊ म्हणाला होता, "हिला खुर्चीला बांधून ठेवायचा पगार मिळतो वाटतं." बांधून ठेवलं तरी टेबलाखाली तिचा पाय हलतच असे. शेजारी बसणाऱ्याने कुरकुर केली, म्हणून तिला भिंतीकडची जागा मिळाली. आपण पाय हलवतो की तो आपला आपण हलतो, हे मात्र तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं.

न विचारायला कारण होतं. तिचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. पन्नाशीच्या आतच त्यांची फळ्यावरची रेघ वाकडी जायला लागली. चालताना पाय फाकायला लागले, जीभ जड झाली. मुख्याध्यापकांनी एकदा भर वर्गात त्यांना जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्या दिवसानंतर ते शाळेत गेले नाहीत, आणि आजाराला काय म्हणतात हे कळायच्या आधीच गेले.

ते कळलं दादाच्या वेळी. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. भिंग घासून फ्रेममध्ये बसवावं तर त्यानेच, असं गिऱ्हाइकं म्हणत. त्याची चाळिशी अजून लांब होती तेव्हाच फ्रेमचे बारीक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटायला लागले. आधी तो स्क्रूंना शिव्या घालायचा, मग पेचकसाला, मग एक दिवस दुकानाच्या पायरीवरून पडला आणि गप्प झाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं. एका जनुकात तीन अक्षरं तोतऱ्या माणसासारखी पुन्हापुन्हा येतात. त्या जनुकावरून जे प्रथिन बनतं ते बिघडलेलं बनतं, आणि हळूहळू मेंदूतला तोल सांभाळणारा भाग निकामी करतं. आईबापांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी.

त्याच वेळी आत्याचीही तपासणी झाली, आणि सगळे चकित झाले. दोष आत्यातही होता. तिच्या जनुकाचा तोतरेपणा दादाच्याइतकाच लांब. सत्तरी ओलांडलेली ही बाई मात्र स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायची, सुईत दोरा ओवायची आणि रस्त्यात भेटेल त्याला चालायला लावायची.

"मशीनमध्ये काहीतरी बिघाड असणार तुमच्या," असं डॉक्टरांना सांगून आत्या घरी गेली.

भिंगरीची तपासणी झाली नाही. "करते नंतर," ती म्हणाली. त्या 'नंतर'ला आता बरीच वर्षं झाली होती.

तपासणी केली नाही, पण नोकरी मात्र तिने नेमकी त्याच आजारावर काम करणाऱ्या संस्थेत धरली. मुलाखतीतच तिने प्रमुख बाईंना घरचं सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणजे मोजकं बोलणारी, चहा गार करून पिणारी बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नमुन्यांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. तुझा भाऊ त्यात असला तरी तुला कळणार नाही. चालेल?"

"चालेल," भिंगरी म्हणाली.

तिथला सगळा प्रश्न एका वाक्यात मावत होता, आणि तिच्यापुरतं ते वाक्य होतं: आत्या का पडत नाही?

जनुक आपलं जागच्या जागी बसून असतं. त्याची नक्कल निघते, ती आरएनएची, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. पण शरीरात काही आरएनए असे असतात की त्यांच्यावरून काहीच बनत नाही. जुने लोक त्यांना कचरा समजत. आता कळलंय की त्यातले काही चिमुकले आरएनए दुसऱ्याच्या नकलेला जाऊन चिकटतात आणि तिचं तोंड बंद करतात. नक्कल गप्प झाली की प्रथिन कमी बनतं. मग आत्याच्या अंगात असा कोणी आहे का, जो त्या बिघडलेल्या जनुकाला वर्षानुवर्षं दाबून बसलाय? जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही. पण रक्तातल्या पेशी खाली बसवल्या की वर जो पिवळसर द्रव राहतो, त्यात या चिमुकल्यांचा माग लागतो. तोतरेपणा सारखाच, पण काही लोक लवकर आजारी पडलेले आणि काही म्हातारपणापर्यंत ठणठणीत, अशा दोन गटांचे नमुने संस्थेने जमवले होते. कोणता आरएनए कोणात किती, याचे आकडे यंत्रातून निघत. त्या आकड्यांच्या डोंगरातून कारण शोधून काढायचं, हे भिंगरीचं काम.

डोंगर उपसता उपसता तिच्या नाकी नऊ आले. एक प्रोग्राम लिहावा, तो चालवावा, त्यातून काही निघू नये, दुसरा लिहावा. आणि मग एका सकाळी पडद्यावर आलेख उमटला तो असा, की तिचा पाय हलायचा थांबला. एका चिमुकल्या आरएनएने दोन्ही गट चाकूने कापावेत तसे वेगळे केले होते. ठणठणीत लोकांत तो भरपूर, आजारी लोकांत जेमतेम. आणि त्याची अक्षरं त्या बिघडलेल्या जनुकाच्या नकलेला चिकटतील अशीच होती.

मॅडमनी चष्मा वर करून आलेख बघितला, चष्मा खाली करून बघितला. "छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "परिषदेत मांडायचा म्हणतेस का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"महिनाभर आहे. तोवर कोणाशी बोलू नकोस."

कोणाशी बोलू नकोस म्हटल्यावर त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. सुट्टीच्या दिवशी पाय आपसूकच दादाच्या दुकानाकडे वळले. दुकानात वहिनी स्क्रू बसवत होत्या आणि दादा स्टुलावर बसून सूचना देत होता.

"उलटा फिरवतेयस."

"सुलटाच आहे. तुमची मान वाकडी आहे," वहिनी म्हणाल्या.

भिंग घासायच्या यंत्रावर कापड टाकलेलं होतं. एक गिऱ्हाईक ते घेऊन जाणार होतं, सौदा जवळजवळ पक्का झाला होता. दादाने ते इतक्या सहज सांगितलं की भिंगरीला राहवेना. आणि तिच्या तोंडून सगळं निघून गेलं. आरएनए, आलेख, चाकूने कापल्यासारखे दोन गट.

दादा स्टुलावर पुढे सरकला. मग त्याने अडखळत विचारलं, "म्हणजे आत्यात तो जास्त आहे."

"असावा."

"आणि माझ्यात कमी. मग बाहेरून देता येईल?"

इथे तिने थांबायला हवं होतं. ती म्हणाली, "असे आरएनए लॅबमध्ये तयार करता येतात. आज ना उद्या कोणीतरी करेल."

दादाने यंत्रावरचं कापड काढून घडी केली. हात थरथरत होते, पण घडी त्याने नीट घातली. दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला नाही सांगितलं.

त्यानंतरचे दिवस भिंगरीला खरं तर मजेत जायला हवे होते. वहिनींचा निरोप आला की दादाला झोप लागायला लागलीय, व्यायामालाही जातो, जेवताना विनोद करतो. मॅडमनी भाषणाची तयारी सुरू केली. आणि भिंगरी संस्थेच्या जिन्यावरून वर-खाली करत होती. आलेख तिला आवडत होता, फार आवडत होता, आणि नेमकं तेच तिला टोचत होतं. इतकी वर्षं तिने माणसांच्या रक्ताचे आकडे बघितले होते. ते नेहमी विस्कटलेले असतात, एकमेकांत घुसलेले असतात. हा आलेख कपाटातल्या इस्त्रीच्या कपड्यांसारखा नीट होता.

शेवटी तिने संगणकाला एक साधा प्रश्न विचारला. हा आरएनए ज्या नमुन्यांत वाढतो, त्यात त्याच्याबरोबर आणखी कोण वाढतं? म्हणजे, याची ऊठबस कोणाबरोबर आहे?

उत्तर यायला फारसा वेळ लागला नाही. त्याच्याबरोबर वाढणारे सगळेच्या सगळे तांबड्या पेशींत राहणारे होते. तांबडी पेशी फुटली की तिच्यातले आरएनए बाहेर सांडतात. पिवळ्या द्रवात त्यांचं खरं तर काही काम नाही. भिंगरी उठली आणि नोकरीला लागल्यापासून कधी न केलेली गोष्ट तिने केली. तळमजल्यावर, नमुने ठेवतात त्या खोलीत गेली. तिथल्या बाईंनी जाड हातमोजे घालून शीतकपाटातून दोन कप्पे काढले आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. आजारी लोकांच्या नळ्या फिक्या पिवळ्या होत्या. ठणठणीत लोकांच्या बहुतेक नळ्यांत किंचित गुलाबी झाक होती. नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

"या अशा का?" भिंगरीने विचारलं.

"या घरून आणलेल्या ना," बाई म्हणाल्या. "धडधाकट म्हातारी माणसं दवाखान्यात कशाला येतील? त्यांच्या घरी जाऊन रक्त घेतलं होतं. गाडीतून यायला वेळ लागतो, हिंदकळतं."

एवढंच होतं. आजारी माणसं दवाखान्यात आली, त्यांचं रक्त तिथल्या तिथे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या झाल्या. ठणठणीत माणसांचं रक्त गाडीत हेलकावे खात आलं, पेशी फुटल्या, आणि त्यांच्या पोटातला आरएनए बाहेर सांडला. संगणकाने आजारी आणि निरोगी असा भेद शोधलाच नव्हता. त्याने दवाखाना आणि गाडी असा भेद शोधला होता, तोही अगदी इमानेइतबारे.

जागेवर येऊन तिने प्रोग्राम एकदा पुन्हा चालवला, मग तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मॅडमनी आधीच गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"गुलाबी नमुने वगळून बघितलंस?"

"बघितलं. काही उरत नाही. सपाट."

मॅडमनी फोन हातात घेतला. नमुने गोळा करण्याची योजना त्यांचीच होती. "परिषदेला कळवते, भाषण रद्द," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "हे तुला आधी का नाही दिसलं?"

"मला तो खरा असायला हवा होता."

"भावासाठी?"

भिंगरी हो म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण शब्द निघाला तो वेगळाच. "माझ्यासाठी."

मॅडमनी समोरची खुर्ची दाखवली. फक्त म्हणाल्या, "बस. दाराशी उभी राहून येरझाऱ्या घालतेयस केव्हाची."

दादाला सांगायला जाताना तिने रस्ता मुद्दाम लांबवला. एक चौक उगाच ओलांडला, पुन्हा परत ओलांडला, एका दुकानाच्या काचेत स्वतःची चाल बघितली. पाय सरळ पडत होते. की नव्हते? बघतोय म्हटलं की कोणाचे पाय सरळ पडतात?

दादाने पूर्ण ऐकून घेतलं. वहिनी हातातली फ्रेम खाली ठेवून भिंतीकडे बघत होत्या.

"यंत्र घेणारा आता दुसरीकडून घेऊन मोकळा झाला," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे."

"तुला घाई झाली होती सांगायची."

"हो."

"लहानपणापासून अशीच आहेस. दूध उतू जायच्या आधी ओरडायचीस, उतू गेलं." त्याचा आवाज चढला होता, आणि आवाज चढला की त्याची जीभ जास्तच अडखळे, त्यामुळे तो आणखी चिडत असे. "मी लोकांना सांगितलं. दुकानात येणाऱ्या माणसांना सांगितलं मी, की माझी बहीण औषध शोधतेय."

भिंगरी मान खाली घालून उभी राहिली. तिला वाटलं आता तो जा म्हणेल. तो म्हणाला नाही. स्टुलावर सरकून बसला, श्वास जागेवर आणला आणि म्हणाला, "पण झोपलो मी. इतके दिवस शांत झोपलो. ते काही परत करणार नाही तुला."

वहिनींना हसू आलं, आणि ते लपवायला त्या आत गेल्या.

"आत्याचं रक्त आहे का त्यात?" दादाने विचारलं.

"नाही. संस्थेला तिने कधी दिलंच नाही. दर वेळी काहीतरी निमित्त काढते."

"मग तिचं घ्या ना. या वेळी गाडीत न हिंदकळता."

ही गोष्ट मॅडमनाही सुचली होती. पेशी वेगळ्या करणारं छोटं यंत्रच बरोबर न्यायचं आणि माणसाच्या घरीच, रक्त काढल्या काढल्या, काम उरकायचं. सगळे नमुने नव्याने, सगळ्यांचे एकाच पद्धतीने. वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती आणि आता दुसऱ्या वर्षाची सुरुवात होती. जुने सहकारी वैतागले. एकाने सरळ दुसरी नोकरी धरली. भिंगरीला मात्र हिंडायचं काम मिळालं आणि ती जरा माणसात आली. नर्सबरोबर यंत्र उचलून ती या जिन्याने चढायची, त्या जिन्याने उतरायची. आत्याकडे जायची पाळी मात्र तिने शेवटी ठेवली.

आत्याने दार उघडलं, यंत्राकडे बघितलं आणि दार पुन्हा अर्धं लावलं.

"मला बरं नाही आज."

"आत्या, तुला बरं असतं हाच तर प्रश्न आहे."

आत्याने त्यांना आत घेतलं, पण बाही वर करेना. नर्स अवघडून कोपऱ्यात उभी राहिली. आत्या उगाच टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करू लागली.

"तुझे बाबा माझ्याहून लहान," ती एकाएकी म्हणाली. "त्याला मी सायकल शिकवली. तोल कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला. मग तो पडायला लागला. मी जायचे बघायला, तर जिना चढून वर गेले की तो म्हणायचा, ताई, धापसुद्धा लागत नाही तुला. कौतुकाने म्हणायचा. मला जिन्यातच बसून राहावंसं वाटायचं." तिने हातातला पेला खाली ठेवला. "आता तुम्ही येऊन सांगणार, की माझ्याकडे काहीतरी होतं जे त्याच्याकडे नव्हतं. ते ऐकून मी काय करू?"

भिंगरी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, "तू काहीच करू नकोस. आम्ही करू. दादा आहे अजून."

आत्या खुर्चीवर बसली आणि बाही वर करून हात टेबलावर पसरला. सुई टोचली तेव्हा तिने नर्सला विचारलं, "तू रोज चालतेस का गं?"

नवीन आकडे आले तेव्हा पहिला, देखणा आलेख पार पुसला गेला होता. त्या चिमुकल्या आरएनएचं कोणात कमी-जास्त काहीच नव्हतं. भिंगरीने महिनेच्या महिने चाळणी लावली, आणि या वेळी प्रत्येक संशयिताची ऊठबस आधी तपासली. तळाशी एक राहिला. लांबलचक आरएनए, त्याच्यावरूनही काही बनत नव्हतं. ठणठणीत लोकांत तो थोडा जास्त, काहींत तेवढाही नाही. गट एकमेकांत घुसलेले, आलेख कोंबडी नाचून गेल्यासारखा.

"कुरूप आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मला जरा विश्वास वाटतो."

वरच्या मजल्यावर बशीत चेतापेशी वाढवणारे लोक होते. त्यांनी त्या पेशींतला हा लांब आरएनए कमी करून बघितला. बिघडलेलं प्रथिन वाढलं. फार नाही, पण वाढलं. पुन्हा केलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा, दुसऱ्या माणसाच्या हातून करून घेतलं, तेव्हाही वाढलं. औषध अजून खूप लांब होतं, दादाच्या आयुष्यात येईल की नाही हेही सांगता येत नव्हतं. पण आत्या का पडत नाही, याच्या उत्तराचा एक तुकडा हाती लागला होता, आणि तो गाडीत हिंदकळून तयार झालेला नव्हता.

त्याच आठवड्यात भिंगरीने स्वतःचं रक्त तपासायला दिलं. मॅडमना तिने इतकंच सांगितलं, की मला काय हवंय ते मला कळलं नाही तर मी काय बघतेय तेही कळणार नाही. उत्तर येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. तिने घरातली कपाटं आवरली, मग पुन्हा विस्कटून आवरली. रस्त्यावरच्या फरशीच्या रेघेवरून चालून बघितलं. एका अनोळखी बाईंनी विचारलं, काही हरवलंय का.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी पाकीट न उघडताच सांगितलं, त्यांना आधीच माहीत होतं. दोष नव्हता. तिचं जनुक तोतरं नव्हतं.

ती बाहेर आली. आता पाय हलायचा थांबेल असं तिला वाटलं होतं. तो हलतच होता, फक्त आता तो तिचाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही. आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. दादाला हे तोंड कसं दाखवायचं? तिला आत्याचा जिना आठवला, आणि ती दादाकडे जायच्या आधी आत्याकडे गेली.

आत्याने ऐकलं, तिला खुर्चीवर बसवलं, आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. "आता तुला कळलं मला काय वाटायचं ते," एवढंच म्हणाली. मग स्वतःच्या चपला शोधायला लागली. "चल, मी येते बरोबर. एकटीने जाऊ नकोस."

दुकानात वहिनी यंत्रावर भिंग घासत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर यंत्र तसंच पडून राहिलं होतं, आणि रिकामं बघवेना म्हणून त्या शिकल्या होत्या. दादा बाजूला उभा राहून बोटाने काचेची कड तपासत होता. भिंगरीने सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"नाही म्हणजे अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग आणखी एकदा, जास्त स्पष्ट यावं म्हणून सावकाश, "बरं झालं गं." आणि तिचं तोंड बघून म्हणाला, "रडतेस कशाला? दोघं पडायला लागलो असतो तर धरलं कोणी असतं?"

"मी," आत्या म्हणाली.

वहिनींनी यंत्र बंद केलं. दादाने काउंटरवरून हात पुढे केला, आणि भिंगरीने तो धरून त्याला पायरी उतरवली. चौघंही कोपऱ्यापर्यंत चहा प्यायला गेली, दादाच्या चालीने, हळूहळू, कधी डावीकडे झुकत, कधी उजवीकडे.